पुनवेपर्यंतची मुदत

वेळगाळीच्या राईतून कुणी काटकीसुद्धा उचलत नसे. वाळलेली फांदी मोडून पडली तर पडल्या जागी कुजायची, तिच्यावर अळंबी उगवायची आणि ती अळंबीही कुणी खुडत नसे. राईतली वस्तू बाहेर नेली, तर येत्या पुनवेच्या आत राईचा राखणदार देव, जागेवाला, त्या माणसाला बघून घेतो, असा गावाचा कायदा होता. तो पाळवून घ्यायला शिपाई लागत नव्हता.

धर्मराजला हे समजलं तेव्हा तो राईच्या तोंडाशी शेंदूर फासलेल्या धोंड्याजवळ उभा होता. सत्त्याऐंशीचा डिसेंबर सरत आला होता. निपाणीहून निघालेली पदयात्रा आजरा, चंदगड, जांबोटी असा डोंगर धरत खानापूर तालुक्यात उतरली होती. पुढं गुंजी, लोंढा आणि शेवट अनमोडच्या घाटात. डोंगरावरचं जंगल राखा, एवढंच सांगत ते चालले होते. निघताना बरेच जण होते. पायांना फोड आल्यावर पाट्या आणि घोषणा एसटीनं परत गेल्या. वेळगाळीत पोचले ते मोजकेच. त्यांत यात्रा काढणारे बेळगावचे मार्तंड सर, वकिलाच्या घरातली विनोदिनी आणि वनस्पतिशास्त्राचा पदवीधर धर्मराज.

झाडांची नावं सांगायचं काम त्याचं होतं. निपाणीत त्याची आई पारूबाई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसायची. घरात, अंथरुणात, वहीच्या पानांत तंबाखूची भुकटी. कॉलेजात पहिल्यांदा पानाचा पातळ काप भिंगाखाली ठेवून त्यातल्या हिरव्या खोल्या बघितल्या, तेव्हा त्याला वाटलं होतं, इतकी स्वच्छ जागा आपण आजवर कुठं पाहिली नाही.

गावचा मानकरी रवळू गावकर पाहुण्यांना राई दाखवायला आला. उंच, वाकलेला म्हातारा. डोक्याला मळका रुमाल. प्रत्येकाला त्यानं गाव विचारलं, वडलांचं नाव विचारलं, मग आडनाव. धर्मराजचं आडनाव ऐकून तो थोडा वेळ धोंड्याकडंच बघत राहिला.

"तुमी हितनंच बघा," तो म्हणाला. "राग मानू नगा. रीत हाय."

मार्तंड सर काहीतरी बोलायला लागले, पण गावकर तोवर आत वळला होता आणि सरही त्याच्यामागं गेले. विनोदिनी घुटमळली.

"तू जा," धर्मराज म्हणाला. "आत पाणी कुठून निघतंय ते नीट बघ."

बाहेरूनही पुष्कळ दिसत होतं. किंदळ, जांभा अशी उंच झाडं, माणसाच्या मांडीएवढ्या गारंबीच्या वेली. आतून ओढ्याची बारीक धार येत होती आणि त्याच्या पायाजवळून वळून खालच्या वाडीकडं जात होती. वरच्या गावाला विहीर होती. खालच्या वाडीतल्या बौद्ध घरांना हीच धार. पाणी त्यांचं, पण ते जिथून निघतं ती जागा त्यांच्यातल्या कुणी पाहिलेली नव्हती.

विनोदिनी परतली ती रुमालात एक पान घेऊन. "हे बघ. झऱ्याच्या कडेला आहेत ही झाडं. मुळं गुडघ्यांसारखी चिखलातून वर आलेली."

त्यानं पान चुरगाळून हुंगलं. "रानजायफळ," तो म्हणाला आणि क्षणभर अपमान विसरला. "विनू, हे पाणथळीशिवाय जगत नाही. हे इथं आहे म्हणजे झरा फार जुना असणार. ही झाडं गेली की झराही गेला समज."

रुमालातलं पान गावकरानं पाहिलं होतं. तो काठी टेकत गावाकडं वळला.

संध्याकाळी धोंड्यासमोरच्या मोकळ्या जागेत सभा झाली. वरचं गाव पुढं बसलं, खालची वाडी जरा लांब, बांधावर. मार्तंड सर बोलले. मग धर्मराजनं राई कशी पाऊस मुरवून ठेवते ते मातीच्या दोन ढेकळांवर पाणी ओतून दाखवलं. पानांनी झाकलेल्या ढेकळातून पाणी हळूहळू ठिबकलं, उघडं ढेकूळ विरघळून गेलं. पोरांना मजा वाटली. बांधावरून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "लेकरू ब्येस सांगतंय की गं."

तेव्हा मागं बसलेला भरमू उठला. हा याच गावचा. टेरिकॉटचा शर्ट, हातात घड्याळ. लाकडाच्या ठेकेदाराकडं कामाला होता. ठेकेदाराला राई हवी होती आणि गावकऱ्यांच्या संमतीसाठी भरमू दोन वर्षं उंबरे झिजवत होता. तरुण पोरं तयार होती. म्हातारे भीत होते.

"पान्याचं ऐकलं," भरमू म्हणाला. "आता येवढं सांगा, राईत जागेवाला हाय का न्हाय? तुमी शिकल्याली मान्सं."

"तो श्रद्धेचा भाग आहे," मार्तंड सर म्हणाले. "आम्ही त्याचा आदर करतो."

"आदर करा की वो. पर हाय का न्हाय?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला. भरमू धर्मराजकडं वळला. "तुमी सांगा, सायेब. तुमाला तर धोंड्याच्या हिकडंच ठेवलंय म्हनं. कशाला भ्यायचं तुमी?"

लोक हसले. बांधावर कुणी हसलं नाही.

"नाही," धर्मराज म्हणाला. "जागेवाला नाही. झाडं आहेत, पाणी आहे. ती राखायला तेवढं कारण पुरे."

"मग आन की येक लाकूड. च्याखाली घाल." भरमूनं दगडांच्या चुलीकडं बोट केलं. तिथं ओलं जळण धुमसत होतं आणि चहाचं पातेलं केव्हापासून नुसतं कोमट होतं. "का शास्त्र तोंडातच हाय?"

विनोदिनीनं त्याची बाही ओढली. "बस खाली. हा डाव आहे त्याचा."

डाव आहे हे त्यालाही दिसत होतं. पण त्याला त्याच्या बापाची, देवाप्पाची, एक सवय आठवली. निपाणीत आता कुणी अडवत नसतानाही देवळावरून जाताना देवाप्पा रस्त्याची पलीकडची बाजू धरायचा. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, पायांनाच सवय लागलीय, रं. धर्मराज उठला, धोंडा ओलांडून आत गेला, पहिली वाळकी फांदी दिसली ती गुडघ्यावर मोडली आणि आणून चुलीत घातली. फांदी चांगली वाळलेली होती. लगेच पेटली. चहा उकळला.

 रवळू गावकर काठी टेकत उठला.

"पुनव पौषाची," तो म्हणाला. "तवर बघू."

"बघूया की!" भरमू हसला. "समद्यांनी बघितलंय. ह्याला काय झालं न्हाय तर पुनवेला ठेकेदाराच्या कागदावर अंगठं लावायचं. व्हय का न्हाय, गावकर?"

गावकरानं मान डोलावली. त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. कायदा त्याचाच होता.

वाटेनं चालताना विनोदिनी दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. तो मात्र मनाशी मांडणी करत होता. पुनवेला आपण धडधाकट असणार, म्हणजे राई जाणार. आपण जे सिद्ध केलं ते खरंच आहे आणि त्या खऱ्याचा उपयोग कुऱ्हाडीला होणार. भीतीच्या जागी समज ठेवता येईल असं त्याला वाटलं होतं. पण भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती आणि समज दोन ढेकळांची.

गुंजी सोडल्यावर त्याला थंडी वाजली. दात वाजायला लागले तसं विनोदिनीनं स्वतःची शाल त्याच्यावर टाकली. तासाभरात अंग भाजायला लागलं. मग घाम फुटून तो ओलाचिंब झाला आणि त्याला एकदम बरं वाटायला लागलं. एक दिवस मध्ये गेला आणि पुन्हा तेच. लोंढ्याच्या दवाखान्यात बोटातून रक्त काढून काचेवर पसरलं. तपासणाऱ्या माणसाला धर्मराज म्हणाला, "मला बघू द्या एकदा." गुलाबी पेशींमध्ये एका पेशीत निळसर कडी होती, कडीला लाल खडा. पुस्तकात चित्र होतं तशीच. इतकी नीट, की त्याला आपल्याच तापाचं कौतुक वाटलं.

कडू गोळ्या सुरू झाल्या. यात्रा लोंढ्यात एका धर्मशाळेत थांबली. आणि ही बातमी रेल्वेच्या गँगमनांकडून वेळगाळीत पोचली.

आधी रवळू गावकर आला. दवाखान्याच्या ओसरीवर बाकावर टेकला. सोबत दोन केळी आणली होती, ती त्यानं धर्मराजच्या हातात न देता बाकावर ठेवली.

"लई तरास झाला म्हनं."

"मलेरिया आहे, गावकर. डास चावून होतो."

"आसंल. डासबी त्येचाच." म्हातारा लांब रुळांकडं बघत होता. "ऐका. मला काय तुमास्नी कमी लेखायचं न्हाय. पुनवंला या. धोंड्यापाशी नारळ ठिवा आन्‌ येवढंच म्हना, देवा, मी धोंडा वलांडला, लाकूड नेलं, मला धरलंस, आता सोड. समदी पोरं बघतील. मी मरंस्तवर, आन्‌ माज्यामागंबी, राईला कोन हात लावनार न्हाय. तुमी त्येच्यासाठीच चालताय न्हवं?"

तो गेल्यावर विनोदिनी आतून आली. तिनं ओसरीच्या दारामागून सगळं ऐकलं होतं.

"एक वाक्य आहे, धर्मा."

"खोटं आहे."

"खोटं आहे ते. पण एवढी राई! तूच म्हणालास, तो झरा फार जुना आहे. एका वाक्यानं तो वाचत असेल तर तुझं खरं कुणाच्या कामाचं?"

"मग तू म्हण. तू पान आणलंस रुमालातून. गावकरानं बघितलं होतं. तुला का नाही धरलं जागेवाल्यानं?"

 ती हळूच म्हणाली, "मला ताप आला नाही."

"तुला आला असता तरी त्यांनी मलाच विचारलं असतं."

मार्तंड सरांना विचारलं तर ते म्हणाले, ज्याचा त्याचा विवेक असतो, आणि अनमोडच्या सभेचं भाषण लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरनं तानीबाई आली. सभेत बांधावरून बोललेली तीच म्हातारी. तिनं पदरातून भाकरी आणि खर्डा काढला, त्याच्या कपाळाला हात लावला.

"जय भीम, लेकरा. सुकलास की रं."

"आज्जी, तुम्ही एवढ्या लांब?"

"तुला सांगाया आलो. गावकर आलता न्हवं? काय म्हनला त्ये ठाऊक हाय आमाला." ती त्याच्या अगदी जवळ सरकली. "तू तसं बोलू नगंस. तू बोलशील आन्‌ जाशील निपानीला. तितनं फुडं आमी हाय. कुनाचं ढोर मेलं, कुनाचं पोर आजारी पडलं, की म्हननार, खालच्या वाडीच्या मानसानं देव बाटवला. तुजं वाडीशी नातं न्हाय म्हनून कोन ऐकनार? दंड घेतील, पानी तोडतील. माज्या सासऱ्याच्या वक्ताला आसंच झालतं. तवा एका पोरानं नुसता धोंड्याला पाय लावलता."

"पण मी खरं बोललो तर राई जाईल. मग पाणी तसंही जाईल."

 हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला.

"पानी जाईल तवा जाईल. त्ये समद्यांचं जाईल. ह्ये आमच्या येकट्याच्या मानंवर ईल."

पुनवेच्या दिवशी दुपारी धर्मराज वेळगाळीत पोचला. सोबत विनोदिनी होती. ताप उतरला होता, पण डोळे खोल गेले होते आणि गुंजी स्टेशनापासून चालताना त्याला तीनदा बसावं लागलं होतं. त्याला बघून बायकांनी पदर तोंडाला लावले. त्यानं काहीच बोलू नये, नुसतं उभं राहावं, की काम झालं असतं. हे त्यालाही वाटेत सुचलं होतं. पण तानीबाई म्हणाली होती तो अर्थ त्या गप्प राहण्यातूनही निघालाच असता.

धोंड्याजवळ नारळ ठेवलेला होता. गावकरानं तो उचलून त्याच्यापुढं धरला.  भरमूच्या तोंडावरही आज हसू नव्हतं.

"बोला," गावकर म्हणाला.

"मला मलेरिया झालाय," धर्मराज म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. "त्याचे जंतू मी स्वतः रक्तात बघितलेत. ताप यायच्या दहा-पंधरा दिवस आधी डास चावलेला असतो. म्हणजे मी या राईत आलो त्याच्याही आधी, चंदगडच्या बाजूला. देवानं मला धरलेलं नाही. मी धोंडा ओलांडला त्यानं काही बाटलेलं नाही. खालच्या वाडीचा तर यात काही संबंधच नाही."

मग तो झऱ्याबद्दल बोलायला लागला. रानजायफळाच्या मुळांबद्दल, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कुठून येतं त्याबद्दल. वाक्य अर्ध्यावर असतानाच भरमू मोठ्यानं म्हणाला,

"ऐकलं न्हवं? डास चावला. देवानं न्हाय. पुनव झाली, गावकर."

"आजची रात हाय अजून," गावकर म्हणाला.

"रातच्याला काय व्हनार? गोळ्या खातोय त्यो!"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, सुटल्यासारखे. इतकी वर्षं ज्याला भ्यालो तो एका गोळीला हरला, याचं ते हसू होतं. तरुण पोरं उठून धोंडा ओलांडून आत गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. एकानं हिरवीगार फांदी मोडून आणली आणि मित्राच्या पाठीवर मारली. रवळू गावकरानं नारळ धोंड्यावर न फोडता तसाच खाली ठेवला आणि तो घराकडं चालू लागला. धर्मराजजवळून जाताना थांबला.

"तुमी खरं बोललात," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. त्यामुळं ते ऐकायला जास्त कठीण गेलं.

बांधावर तानीबाई उभी होती. तिनं त्याला हात जोडले.

यात्रा अनमोडला संपली. मार्तंड सरांनी भाषणात वेळगाळीच्या राईचा उल्लेख परंपरेनं राखलेल्या वनाचा नमुना म्हणून केला, कारण तो परिच्छेद त्यांनी आधीच लिहिला होता. टाळ्या पडल्या. विनोदिनी उठून बाहेर गेली.

मे महिन्यात धर्मराज एकटाच वेळगाळीला गेला. आपण का चाललोय हे त्याला नीट सांगता आलं नसतं. परिणाम बघितल्याशिवाय प्रयोग पुरा होत नाही, असं काहीतरी त्यानं मनाशी म्हटलं होतं.

गुंजीहून येणाऱ्या पायवाटेचा आता लॉरी जाईल एवढा रस्ता झाला होता. राईच्या जागी बुंधेच बुंधे होते, त्यांच्यावर भुसा, आणि उघड्या पडलेल्या मातीला भेगा. प्रत्येक बुंधा तो कापावरच्या वर्तुळांवरून ओळखू शकत होता. झऱ्याजवळ रानजायफळाची मुळं अजून गुडघे वर काढून उभी होती, त्यांच्या वर काही नव्हतं. चिखल वाळून त्याचे खापरासारखे तुकडे झाले होते. धोंडा लॉरीच्या आड येत होता म्हणून कडेला लोटलेला होता. शेंदूर उन्हानं उडून गेला होता.

तानीबाई ओढ्याच्या पात्रात खड्डा उकरून बसली होती. तळाशी पाणी पाझरायची वाट बघत होती आणि करवंटीनं घागरीत ओतत होती. त्याला बघून तिनं करवंटी खाली ठेवली.

"आलास व्हय? चल, च्या घेऊ."

"पाणी आधीच कमी आहे, आज्जी."

"घोटभर व्हतंय की."

तिच्या घरामागं फांद्यांचा ढीग होता. ठेकेदारानं ओंडके नेले आणि फांद्या तोडायच्या मजुरीवर खालच्या वाडीला लावलं होतं, ती सांगत होती. सगळी वाडी राईत गेली, बायका, पोरं, सगळी. जन्मात पहिल्यांदा.

"झरा कुठनं निगतोय त्ये बघितलं मी," ती म्हणाली. "म्हातारपनी का हुईना. लई गार व्हती जागा."

"आता कुणी अडवत नाही ना?"

"आडवायला ऱ्हायलंय काय?"

तिनं ढिगातून एक फांदी ओढली. किंदळाची, साल अजून न सुटलेली. गुडघ्यावर मोडायला गेली, मोडेना. तिनं ती त्याच्याकडं दिली. त्यानं मोडून चुलीत घातली. पोरासोरांसारखी ती दोघं आगीकडं बघत बसली. लाकूड चांगलं वाळलं होतं. पातेल्यातलं गढूळ पाणी चटकन उकळलं.